काकींची पोरां

"खरा काय ता सांग गो." मुलुंडला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकी हे म्हणायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत डावी भुवई वर धरून ठेवायच्या. मासेवालीसमोर तीच भुवई, डॉक्टरांसमोरही तीच.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी एका इस्पितळात गुणसूत्रांच्या तपासणीचं काम करायचे. सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचे, एकेक गुणसूत्र कात्रीने कापायचं, जोड्या लावून चिकटवायच्या. काकींना रक्ताचा कॅन्सर निघाला तेव्हा त्यांचा नमुना आमच्याकडेच आला. काका म्हणाले, "तिला कळू देऊ नकोस हां." तेव्हा घरोघरी असंच चालायचं, तुम्हालाही आठवत असेल.

काकींना संशय आलाच. त्यांनी काकांना सोबत घेऊन थेट डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी सगळं सांगितलं आणि फोटो दाखवायला मला बोलावलं.

"शाळेत रांगेत उभी केलेली पोरांच ही!" काकी म्हणाल्या. एकाचा तुकडा तुटून दुसऱ्याला चिकटला होता, तो मी दाखवला. त्या बघतच राहिल्या. "इतक्याश्या तुकड्यान एवढा केल्यान?"

गोळ्यांनी त्या सावरल्या. दोनेक वर्षं छान गेली. दर तपासणीनंतर माझ्या दारात हजर. "काय गो, पोरां काय म्हणतत?"

"आहेत तशीच आहेत, काकी."

"शाणी आसत." म्हणायच्या की चालल्या कोलंबी सोलायला.

मग एका नमुन्यात सगळं विस्कटलेलं दिसलं. एका पेशीत एक गुणसूत्र जास्त, दुसरीत एक गायब, तिसरीत नवीच मोडतोड. पेशीच्या दर विभागणीला चूक, त्या चुकीतून पुढची चूक. डॉक्टरांनी काकींना स्पष्ट कल्पना दिली. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या.

"पोरां आता ऐकूची नाय, खरा मां?"

मी मान डोलावली. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "आता ह्यांका सांग, माका मोपेड शिकवा."

"या वयात? पडशील ना!" त्यांच्या घरी जाऊन मी सांगितलं, तसे काका हबकले.

"पडलंय तर पडलंय."

पदर खोचून त्या शिकल्या. दोनदा पडल्या, एकदा भाजीवाल्याच्या टोपल्यांत घुसल्या आणि वर त्यालाच ओरडल्या. पण महिन्याभरात मोपेड त्यांची झाली. संध्याकाळी काकांना मागे बसवून तलावापर्यंत चक्कर. काका डोळे मिटून बसायचे, काकी हॉर्न वाजवत सुटायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात काकी गेल्या. मी भेटायला गेले, तर काका खिडकीशी बसले होते.

"इतकी वर्षं मी तिला मागे बसवून फिरवलं," ते म्हणाले. "शेवटी तिने मला फिरवलं. पहिले काही दिवस भीतीने डोळे मिटायचो. मग उघडले. मागे बसून मुलुंड काय झकास दिसतं गं!"