सरकलेला ठिपका

बोगादीत राहायला येऊन मला महिनाच झाला होता. संध्याकाळी फिरायला निघाले, तेव्हा घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर साठीच्या एक बाई दुर्बीण घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. क्षणभर थांबायच्या, पदराने काच पुसायच्या, पुन्हा चालू लागायच्या. मी फोनवर मराठीत बोलतेय हे ऐकून त्यांनी कानडी मिसळलेल्या मराठीत हाक मारली.

"इकडे या, नोडी, बघा. त्या दोन ताऱ्यांच्या मधे ठिपका दिसतो? तारा नाही तो, लघुग्रह. उद्या जागा बदलतो बघा."

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं. बाई ढगांवरच चिडल्या होत्या. "परवा डोळ्याचं ऑपरेशन आहे माझं," त्या म्हणाल्या. "दुसरा डोळा गेलाच आहे. पुढे दिसेल की नाही, डॉक्टरलाही गोत्तिल्ला. तारे काय, होते तिथेच असतात हो. मला काहीतरी हललेलं बघायचंय."

तिसऱ्या संध्याकाळी आभाळ मोकळं झालं. त्यांनी आधी मलाच बघायला लावलं. ठिपका खरंच सरकला होता.

"सांगू नका!" म्हणत त्यांनी दुर्बीण हिसकावूनच घेतली. बराच वेळ गेला. मग त्यांनी बोट उजवीकडे नेलं.

"इकडे गेला. अल्वा?"

"हो, तिकडेच."

त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "रोज बघा. मी आले की कुठवर गेला ते सांगा."

त्या गेल्यावर लक्षात आलं, मी त्यांचं नाव विचारलं नव्हतं, घरही नाही. आता दिवेलागण झाली की मला घरात बसवत नाही.