वायसर आणि कॉक

जानेफळात आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. नळ येऊन दोन दिवस झाले होते आणि शॉवर गळत होता. खाली लावलेली बादली दुपारपर्यंत भरायची.

शॉवर बाबांसाठी होता. लकवा मारल्यापासून त्यांच्या उजव्या हाताला मगही पेलत नव्हता. स्टुलावर बसून, आतून कडी लावून ते एकट्याने आंघोळ करत. दिवसातलं एवढंच काम त्यांना कुणाच्या मदतीशिवाय जमायचं. टाकी रिकामी झाली की तेही संपणार.

आई म्हणाली, "प्लंबरले बोलाव."

"काऊन? वायसर त बदलायचा हाये."

बाबांनी चळवळीत असताना गावोगाव वाटलेल्या पत्रकांवर मी अक्षरं शिकलो. 'आपलं काम आपण करा' हे त्यातलंच. आता पत्रकं मी लिहितो. स्वतःच्या घरातल्या वायसरसाठी दुसऱ्याला बोलावणं मला ढोंग वाटलं.

पाणी बंद करायला गच्चीवरचा टाकीचा कॉक फिरवला. तो फिरला, म्हणून बंद झाला असं मी धरलं. खाली येऊन पान्याने शॉवरची तोटी खोलली आणि पाण्याची जाड धार तोंडावर आदळली. तळवा दाबून धरला तरी पाणी बोटांमधून उसळत होतं. तोटी परत बसेना. आटे चुकत होते. आई घागर, पातेली, कुकर, हाताला येईल ते लावत होती. बाबा दारात उभे राहून पाहत होते.

"बोलाव त्याले!" आई ओरडली.

मी फोन केला.

प्लंबर दोन गल्ल्या सोडून राहायचा. तो न्हाणीत आलाच नाही. सरळ गच्चीवर गेला, टाकीत खांद्यापर्यंत हात घातला आणि पाणी खाली जायच्या भोकात आतून चिंधी कोंबली. धार थांबली.

"खाऱ्या पाण्यानं कॉक आतून खाल्लेला हाये, भाऊ. नुस्ता फिरते. पह्यले टाकी पाहाची, मंग न्हाणी. हे तुह्या पत्रकात नसन."

कष्टाला मान द्या, असं मी कितीदा लिहिलं होतं. तरी या माणसाचं काम मला कुणालाही जमण्यासारखं वाटलं होतं.

त्याने कॉक बदलला, वायसरही. टाकीत बोटभर पाणी उरलं होतं. पुढचे पाच दिवस भांड्यांत साठलेलं पाणी मी मगाने बाबांच्या पाठीवर ओतलं. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

नळ आला त्या दिवशी टाकी भरली. बाबा टॉवेल घेऊन न्हाणीत गेले. मी सवयीने मागे निघालो.

"तू बाहीरच राय," ते म्हणाले आणि आतून कडी लावली.