दार्का थांबली नाही

दार्का लाझारुक शाळेची बस चालवायची. आमच्या व्हर्बा गावातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी तिच्या शिव्या खाल्ल्या आहेत. मागच्या बाकावर कोण कोणाला चिमटा काढतंय हे तिला मान न वळवता कळायचं. मुलं तिला तेता म्हणत, आमच्या युक्रेनी बोलीत मावशी. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. गावापासून सात मैलांवरच्या शेतघरात एकटी राहायची. बसला तिच्या हातून कधी ओरखडाही आला नव्हता.

मी गावातला पेट्रोल पंप चालवतो. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या या सपाटीवर माणसं एकमेकांच्या घरी जातात ती लग्नाला नाहीतर मयताला. बाकी सगळं बोलणं माझ्या पंपावर होतं. त्यामुळे दार्काची गोष्ट मला जशी घडली तशी ठाऊक आहे आणि लोकांनी तिची जशी केली तशीही ठाऊक आहे.

कोवबेलच्या शेताच्या कोपऱ्यावर दोन खडीचे रस्ते एकमेकांना कापतात. दार्काच्या घराकडून येणाऱ्या रस्त्यावर तिथे थांबण्याची लाल पाटी होती. एका पेरणीत ती आडवी झाली आणि रस्त्याकडेच्या खंदकात जाऊन पडली. ती ऑरेस्ट कोवबेलच्याच पेरणीयंत्राच्या पंखाने पाडली हे सगळ्यांना माहीत होतं. पण ऑरेस्ट काउन्सिलचा अध्यक्ष, त्याला कोण बोलणार? कोपऱ्यावर त्याच्याच झाडांची रांग, खाली दाट झुडपं. उजवीकडून हत्ती आला तरी दिसायचा नाही. झाडं त्याच्या अंगणातला वारा अडवायची, म्हणून तो ती तोडत नव्हता.

दर वसंतात दार्का काउन्सिलच्या बैठकीत उभी राहायची.

"ऑरेस्ट, ती पाटी कधी उभी करणार?"

"दार्का, तिथे पाटी होती हे तुला माहिताय ना?"

"माहिताय."

"मग झालं की! ज्याला माहिताय त्याला पाटी कशाला? आणि ज्याला माहीत नाही त्याचं आपल्या रस्त्यावर काय काम?"

सगळे हसायचे. मीही हसलोय, विनोद चांगला होता.

दार्का मात्र तिथे बस रोज थांबवायची. रेल्वेच्या रुळांपाशी थांबवतात तशी पूर्ण थांबवायची, दार उघडायची, कान द्यायची आणि मगच पुढे काढायची. बाकीच्यांनी तिथे थांबणं कधीच सोडलं होतं. आमच्याकडे चौफुलीवर लोक पाटी बघत नाहीत, धूळ बघतात. खडीवरून गाडी आली की मागे धुळीचा लोट उठतो, तो झाडांच्याही वर दिसतो. लोट नाही म्हणजे गाडी नाही. पाय ब्रेकवर न्यायचंही कारण नाही.

त्याच सुमाराला गावाबाहेरच्या डुकरांच्या फार्मवर फिलिपिन्सहून माणसं कामाला आणली. त्यात रोडेल मगपांताय होता, त्याची बायको रोवेना, आणि आठ वर्षांची मुलगी लिगाया. लिगाया दार्काच्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसायची. रोडेलने एक जुनी निळी गाडी घेतली होती. ती तो दर रविवारी धुवायचा. खडीच्या रस्त्यावर राहणारा माणूस गाडी धुतो, यावर पंपावर महिनाभर हसणं चाललं. तो चालवायचाही इतकी हळू की लोक म्हणत, रोडेलच्या मागे अडकलास तर घरचं जेवण विसर.

सप्टेंबरात कापणी चालू होती. एका रात्री सर आली आणि सकाळी रस्ते ओले होते. दार्काने मुलांना शाळेत सोडलं, दुपारी परत आणून घरोघर पोचवलं, बस अंगणात लावली आणि आपल्या ट्रकमध्ये कोबीच्या पानांत भात गुंडाळून केलेल्या होलुब्त्सींची दोन मोठी पातेली ठेवली. चर्चच्या सभागृहात दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची तयारी चालली होती. बायका वाट बघत होत्या, आणि स्वयंपाकघरातली मुकादमीण पाराश्का फोनवर म्हणाली होती, "दार्का, तू काय कोबी पेरून आणतेयस का?"

कोवबेलच्या चौफुलीवर दार्काने उजवीकडे, झाडांच्या वर बघितलं. लोट नव्हता. रस्ता ओला होता, लोट उठणार कुठून? तिने गाडी तशीच पुढे घातली.

रोडेल दुपारच्या पाळीला निघाला होता. दार्काचा ट्रक त्याच्या निळ्या गाडीच्या दारात घुसला, तो बसला होता त्याच बाजूच्या. गाडी खंदकात जाऊन उलटली. दार्का खाली उतरली तेव्हा तिच्या कपाळातून रक्त येत होतं, पण ती चालू शकत होती. तिने खंदकात उतरून, गाडीबाहेर फेकल्या गेलेल्या रोडेलचं डोकं मांडीवर घेतलं. रोडेल लगेच गेला नाही. तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलत होता आणि तिला एक शब्दही कळत नव्हता. ती नुसती "हो, हो" म्हणत राहिली.

पोलीस आला तो ब्रेन्ट. तोही तिच्याच बसमध्ये वाढलेला. त्याने तिला आपल्या गाडीत बसवलं, अंगावर पांघरूण टाकलं.

"तेता, तू थांबली होतीस ना?"

तिने पांघरुणाची कड कपाळाला दाबली.

"थांबलीस, बघितलंस, आणि तो सुसाट आला. असंच झालं ना?" ब्रेन्ट स्वतःच मान हलवत होता, लहान मुलाला उत्तर सुचवावं तशी.

"नाही," दार्का म्हणाली. "तो हळूच होता. मी थांबले नाही."

"तेता, आधी नीट आठव. घाई नको करूस."

"घाई करून झाली, ब्रेन्ट. लिही."

इथून दार्काचे हाल सुरू झाले. आधी लोक तिच्या बाजूने होते. पंपावर जो तो सांगायला लागला, ते लोक गाड्या कशा चालवतात, त्यांच्याकडे रस्तेच नसतात, तो नेहमी सुसाट जायचा. जेवण विसर म्हणणारी तोंडं हीच. दुसऱ्या दिवशी लग्न झालं. होलुब्त्सी कमी पडल्या आणि पाराश्का पंगतीत म्हणाली, "पोर्क चॉप घ्या हो, कोबी रस्त्यावर सांडला." कोणी हसलं, कोणी ताटाकडे बघितलं.

दार्काने काय सांगितलं हे गावाला कळलं तेव्हा वारं फिरलं. आपल्या माणसाने परक्यासाठी स्वतःला बुडवावं, हे लोकांना सहन झालं नाही. तिने गप्प राहून सगळ्यांना सुखात राहू द्यायला हवं होतं.

एकटा ऑरेस्ट खूश होता.

रोवेनाच्या बाजूने शहरातला एक वकील उभा राहिला होता. त्याचं म्हणणं, पाटी पडलेली काउन्सिलला माहीत होती, झाडं माहीत होती, जबाबदारी काउन्सिलचीही आहे. मृत्यूची चौकशी गावच्या सभागृहात झाली. सगळं गाव आलं होतं, बायकांनी तर विणकाम आणलं होतं. काउन्सिलच्या वकिलाने दार्काला उभं केलं. माणूस मृदू बोलायचा.

"तिथे थांबायचं असतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"पाटी नसतानाही?"

"मीच दरवर्षी ओरडत होते."

"म्हणजे या गावात इतर कोणाहीपेक्षा तुम्हाला जास्त माहीत होतं. त्या दिवशी सकाळी बस तिथे थांबवली होती?"

"हो. मुलं होती आत."

"मगपांतायांची मुलगी होती?"

"होती. पुढेच बसते."

"आणि दुपारी?"

दार्काने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. "दुपारी मी एकटी होते."

"पाटी असती तर थांबला असतात?"

सभागृहात विणकामाच्या सुयाही थांबल्या. रोवेनाच्या वकिलाने मान पुढे काढली. एक शब्द पुरला असता.

"मला माहीत नाही," दार्का म्हणाली. "माहीत असूनही थांबले नाही, तर पाटीने थांबले असते असं कुठल्या तोंडाने सांगू?"

काउन्सिल सुटलं. झालं ते चालकाच्या चुकीने झालं, रस्त्याचा संबंध जोडता येत नाही, असं ठरलं. बाहेर पायऱ्यांवर ऑरेस्टने दार्काचा हात हातात घेतला. "बाई असावी तर अशी," तो म्हणाला. "खरं बोलायला छाती लागते." तिने हात सोडवून घेतला आणि कोटाला पुसला.

आठवडाभराने ती घरी भाजलेला पाव घेऊन रोवेनाकडे गेली. तिचं लायसन्स गेलं होतं म्हणून मी तिला नेलं. मी दारातच उभा राहिलो, त्यामुळे सगळं ऐकलं.

रोवेनाने पावाला हात लावला नाही. "लोक म्हणतात तू फार खरी बाई आहेस," ती म्हणाली. "तुझ्या खरेपणाने माझा वकील घरी गेला. रोडेलची नोकरी गेली म्हणजे आमचा इथे राहायचा परवानाही गेला. खरं बोलून तुझं काय ते हलकं झालं असेल. माझ्या मुलीला मी काय सांगू?"

"काय विचारते ती?"

"विचारते, तेता मला घेऊन असली की तिथे थांबायची, मग पापासाठी का नाही थांबली." रोवेनाने आत हाक मारली. "लिगाया, ये बाहेर. ही आली आहे. विचार हिला."

मुलगी आली. पायात मोजे, हातात रंगाची पेन्सिल. तिने विचारलं नाही, नुसती उभी राहिली. दार्का गुडघ्यांवर बसली. तिचे गुडघे वाजलेले मला दारात ऐकू आले.

"मला घाई होती," दार्का म्हणाली.

"कसली?"

"जेवण पोचवायचं होतं. कोबीचं."

मुलीने पेन्सिल दुसऱ्या हातात घेतली. "कोबीचं?" ती म्हणाली, आणि आत चित्र रंगवायला निघून गेली.

परतताना दार्काच्या मांडीवर तो पाव तसाच होता. थंडी पडायच्या आत मायलेकी देश सोडून गेल्या.

आमच्याकडे गाडी गेली की माणूस अर्धा मेल्यासारखा. दुकान, डॉक्टर, चर्च, सगळं मैलांवर. सुरुवातीला लोक दार्काला वाटेत बसवून घ्यायचे. पण डिसेंबरात ती पायी चालत काउन्सिलच्या बैठकीला आली, बुटांवरचा बर्फ झटकला आणि उभी राहिली.

"ऑरेस्ट, ती पाटी."

ऑरेस्टने चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "बाई, तुला गाडी चालवायची मनाई आहे. चालत्या माणसाला पाटी काय करायची? तूच शपथेवर सांगितलंस, पाटीचा उपयोग नाही."

"पाटीने मी थांबले असते का, ते मला माहीत नाही म्हटलं. दुसरे थांबणार नाहीत असं नाही म्हटलं."

"ऐका! आता बाईंना आठवतंय!"

या वेळचं हसणं नेहमीपेक्षा लांबलं. त्यानंतर तिच्याजवळ गाड्या थांबेनाशा झाल्या. ती रस्त्याच्या कडेने चालायची आणि शेजारीपाजारी तिच्या अंगावर बर्फाचा चिखल उडवत निघून जायचे. कोणी मुद्दाम उडवत नव्हतं. कोणी वेग कमी करत नव्हतं, एवढंच.

मार्चमध्ये चौफुलीवर काउन्सिलने खरोखरच पाटी लावली. नवी कोरी, पिवळी, चांगल्या खांबावर. तिच्यावर लिहिलं होतं: या रस्त्याची देखभाल होत नाही. वापरणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा. झाडं तशीच राहिली आणि लाल पाटी खंदकातच राहिली. काउन्सिलच्या त्या वकिलानेच ही युक्ती सांगितली म्हणे.

बसवर आता ऑरेस्टचा पुतण्या डॅरिल होता. तो कुठेच थांबत नसे. एका सकाळी त्याने वळण घेऊन चौफुली गाठली, तर रस्त्याच्या मधोमध दार्का हात वर करून उभी. त्याने करकचून ब्रेक मारला. ती बाजूला झाली, दोन्हीकडे बघितलं, आणि त्याला जायची खूण केली. दुसऱ्या दिवशीही तीच. मुलं काचांना नाकं लावून बघायची. तेता म्हणून कोणी हाक मारायचं नाही. त्यांना घरून ताकीद होती. डॅरिल खिडकीतून ओरडायचा, "म्हातारे, एकाला मारून पोट भरलं नाही का तुझं?" ती हात खाली घ्यायची बस पूर्ण थांबल्यावरच.

आईबापांनी तक्रार केली. ब्रेन्ट दोनदा तिला गाडीत घालून घरी सोडून आला. तिसऱ्यांदा त्याने बेड्या दाखवल्या. "तेता, मला हे करायला लावू नकोस," तो म्हणाला. तिने दोन्ही मनगटं पुढे केली. त्याने बेड्या परत खिशात टाकल्या.

शेवटी शाळेनेच बसचा मार्ग बदलला. आता बस मोठ्या डांबरी रस्त्याने फिरून येते. मुलांना सकाळी अर्धा तास लवकर उठावं लागतं, त्याबद्दलही दार्कालाच शिव्या पडतात.

मला वाटलं, तिला कोणी सांगितलं नसेल. एका सकाळी मी मुद्दाम तिकडून गेलो. ती चौफुलीवर उभी होती, अंगात नवऱ्याचा जुना कोट. मी काच खाली केली.

"दार्का, बस आता इकडून येत नाही गं. घरी जा."

"माहिताय, नेस्टर," ती म्हणाली. "तू आलास ना?"

आणि हात वर करूनच उभी राहिली. माझी गाडी अजून हळूहळू पुढे सरकत होती.