शेळ्यांची हाळी

नवीन जालन्यात आमच्या समोर राहणारी ही मुलगी विद्यापीठात संगीतोपचार शिकते. गाण्यानं माणूस बरा करायची पदवी! मला पहिल्यापासूनच संशय. सुट्टीत आली की आमच्या बाबांजवळ बसते, पण एक गाणं धड पुरं म्हणत नाही. नुसती पलंगाच्या कडेवर बोटं वाजवते आणि त्यांच्या ओठांकडे टक लावून बघते.

"ह्याच्यावर नोकरी लागती का गं?" मी एकदा विचारलंच.

"लागती ना काका, बराबर लागती. आजोबा मेंढरं राखायचे ना?"

एक विचारलं की उलट दुसरंच विचारायचं, ही तिची खोड.

लकवा मारल्यापासून बाबांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिनं त्यांच्या कानाशी वाकून हाळी घातली, पण शेळ्यांना घालतात ती.

बाबांचा चेहरा लाल झाला. "शेळ्या न्हाई... मेंढरं!"

मी पलंगाशी धावलो.

"चुकलं आजोबा," ती म्हणाली.

तिच्या घरी तर पिढ्यान् पिढ्या मेंढरंच होती. ही चूक तिच्याकडून होईलच कशी?

दुसऱ्या दिवशी ती आली आणि पुन्हा शेळ्यांचीच हाळी घातली.