नव्या साडीला कात्री

मैत्रिणींनो, निलंग्याच्या एसटीत बसून हे लिहून राहिलेय.

आज बहिणीच्या लेकीचं बारसं. बाळासाठी गोधडी शिवायला घेतली होती. आधीच्या गोधड्यांवर माझे टाके नुसते वाकडेतिकडे. या वेळी मात्र ओळ अगदी सरळ चाललेली! म्हणून निघायच्या तोंडावर, नवी साडी नेसूनच, गोधडी मांडीवर घेतली आणि मधला शेवटचा फेरा पुरा केला.

दारातून नवऱ्यानं हाक मारली, "अगं चल की, गाडी सुटंल!"

उठले, तर गोधडीपण माझ्यासंगं उठली. खाली सरकलेला पदर मी गोधडीलाच शिवून टाकला होता. ओढून पाहिलं. सुटेना. रडूच फुटलं.

सासूबाई म्हणाल्या, "रडू नको बाई. दोरा उसव, दुसरं काय."

"न्हाई उसवणार! जन्मात पहिल्यांदा सरळ आलाय!"

कात्री घेतली अन् पदराचं टोकच कापलं.

आता जरीचा तुकडा गोधडीखाली आहे, अन् मी उरलेला पदर कमरेला खोचून बसलेय. ही साडी बहिणीनंच दिलीय, आज नेसून ये म्हणून.

निलंगा जवळ आलं. लवकर सांगा, तिला आधी गोधडी दाखवू का पदर?