यंत्र किती तास चालले, असे विचारणाऱ्या प्राचार्या

एक कोडे वाचकांनीही कधी ना कधी पाहिले असेल. कोणत्याही मोठ्या सार्वजनिक संस्थेत जा, मग ती प्रयोगशाळा असो, रुग्णालय असो वा कर्मशाळा. तिथले सर्वांत जुने यंत्र दिवसभर राबत असते आणि सर्वांत नवे यंत्र कापडाखाली झोपलेले असते. जुन्याची मूठ हातांनी गुळगुळीत झालेली असते, तर नव्यावरचे प्लास्टिकसुद्धा कोणी काढलेले नसते. असे का होते? माणसे आळशी असतात म्हणावे, तर तीच माणसे शेजारच्या जुन्या यंत्रावर घाम गाळताना दिसतात. त्यांना नवे येत नसेल म्हणावे, तर नव्याचे प्रशिक्षण घेतल्याची प्रमाणपत्रे भिंतीवर टांगलेली असतात.

मी स्वतः या कोड्याच्या आत कित्येक वर्षे सुखाने नांदत होतो. ते कोडे आहे हे मला दाखवून दिले आमच्या प्राचार्या श्रीमती वृंदा खानझोडे यांनी, आणि तेही पहिल्याच भेटीत. मॅडमच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मला लिहायला सांगितले गेले, तेव्हा ती भेटच प्रथम आठवली.

भोपाळमधील आमच्या शासकीय व्यावसायिक प्रशिक्षण संस्थेत मी टर्नर विभागाचा प्रशिक्षण अधिकारी. मॅडम रुजू झाल्या त्या सकाळी आम्ही सारे हार घेऊन कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभे होतो. त्या मागच्या फाटकाने आल्या, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट, आणि थेट कर्मशाळेत शिरल्या. मला धावत परतावे लागले. त्या माझ्या विभागातील नव्या सीएनसी लेथसमोर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कातणाऱ्या यंत्रासमोर उभ्या होत्या.

"कापडाखाली काय आहे?" त्यांनी मराठीतच विचारले. माझ्या खिशावरची 'मोघे' ही पट्टी त्यांनी वाचली असावी.

"मशीन, मॅडम."

"ते दिसतंय. मशीनवर काय आहे?"

कापड उचलल्यावर विभागाचे चहाचे कप, दिवाळीच्या दिव्यांची माळ आणि मागच्या वर्षीचे कॅलेंडर एवढा ऐवज निघाला. तेवढ्यात आमचे भांडारपाल दुबेजी घाईघाईने आले. "मॅडम, नई मशीन है. चलाएँगे तो ख़राब हो जाएगी."

"तो क्या पुरानी होने तक रुकें, दुबेजी?"

दुबेजींना हसावे की नाही ते कळेना. मॅडम मात्र मोकळेपणाने हसल्या आणि कप स्वतः उचलून खिडकीत ठेवले.

आता कोड्याची उकल. तीही मॅडमनीच आठवड्याभरात फळ्यावर काढून दाखवली. आमच्यासारख्या संस्थेत दोन साखळ्या असतात. एक शिकवण्याची: प्राचार्य, विभागप्रमुख, प्रशिक्षण अधिकारी, प्रशिक्षणार्थी. दुसरी वस्तूंची: भांडार, नोंदवही, आणि वस्तू ज्याच्या ताब्यात दिली तो माणूस. दोन्ही साखळ्या प्रशिक्षण अधिकाऱ्यापाशी येऊन मिळतात. पण त्याला प्रश्न विचारले जातात ते फक्त दुसऱ्या साखळीचे. यंत्र जागेवर आहे का? अखंड आहे का? ते बंद राहिले तर कोणी विचारत नाही. बिघडले तर सात कागद लिहावे लागतात. मग शहाणा माणूस काय करील? कापड घालील. मॅडम म्हणाल्या, "यात कोणी वाईट नाही. आपण प्रश्नच चुकीचा विचारत होतो."

त्यांनी प्रश्न बदलला. प्रत्येक यंत्राला एक वही बांधली आणि महिन्याच्या बैठकीत एकच चौकशी सुरू केली: यंत्र किती तास चालले? ज्या यंत्राच्या वहीत पाने कोरी, त्याच्याविषयी स्पष्टीकरण. पहिल्या महिन्यात मी उत्तर दिले, "मॅडम, सुस्थितीत आहे." त्या म्हणाल्या, "प्रकृती नाही विचारली, मोघे, हजेरी विचारली." बैठकीत हशा पिकला, आणि दुसऱ्या दिवशी लेथवरचे कापड कायमचे उतरले.

याच पद्धतीने त्या प्रत्येक गोष्टीकडे बघत. आमच्या सकाळी आठच्या पाळीला शहराच्या टोकाच्या करोंदकडची मुले रोज उशिरा येत आणि रोज गैरहजर लागत. शिस्तीचे परिपत्रक काढावे असे सर्वांचे मत होते. मॅडम एका सकाळी शाहपुऱ्याच्या आपल्या घरातून रिक्षाने करोंदला गेल्या आणि तिथल्या धान्यमंडीजवळ त्याच मुलांबरोबर बसमध्ये चढल्या. बस धान्याच्या ट्रकांमागे अडकत अडकत आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या फाटकाशी पोहोचली. त्या दिवसापासून हजेरी सव्वाआठला सुरू झाली आणि पाळी पंधरा मिनिटे उशिरा सुटू लागली. परिपत्रकाचा मसुदा टाइप होऊन तयार होता. तो त्यांनी पाठकोरा कागद म्हणून वापरला.

परंतु त्यांचे नेतृत्व मला खऱ्या अर्थाने समजले ते एका अपघातातून, आणि त्यात माझा वाटा असल्याने तो जसा घडला तसाच सांगणे मला भाग आहे.

नीलम अहिरवार ही माझ्या विभागातील अत्यंत होतकरू प्रशिक्षणार्थी. करोंद मंडीत हमाली करणाऱ्या वडिलांची मुलगी, टर्नर ट्रेडच्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी आलेली एकटीच मुलगी. अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेला तीन आठवडे उरले होते. सीएनसी लेथवर एखादे कापणारे हत्यार बदलले, की त्याची नवी लांबी यंत्राला सांगावी लागते. यंत्राला डोळे नसतात. सांगितलेल्या लांबीवर विसंबून ते पुढे सरकते. त्या दुपारी मी जुने हत्यार काढून त्याहून लांब असे नवे बसवले, आणि लांबी भरण्यापूर्वी कार्यालयातून बोलावणे आले म्हणून गेलो. परतताना दारातूनच नीलमला म्हणालो, "चालू करो."

तिने बटण दाबले. हत्यारे धरणारा भाग वेगाने पुढे आला आणि धातूचा तुकडा घट्ट धरून फिरणाऱ्या चकवर आदळला. तो आवाज संपूर्ण कर्मशाळेने ऐकला. सुदैवाने यंत्राचे दार बंद होते; कोणाला इजा झाली नाही.

सर्वांत आधी दुबेजी पोहोचले. "बोला था! बोला था कि ख़राब हो जाएगी!"

मी पडद्यावर पाहिले. लांबीच्या रकान्यात जुन्याच हत्याराचा आकडा होता. काय झाले ते मला दोन मिनिटांत कळले होते, आणि मी गप्प राहिलो. माझी बढती त्याच महिन्यात विचारार्थ होती. एवढेच कारण, याहून मोठे काही नाही. नियमाप्रमाणे यंत्र चालवणाऱ्याचे लेखी स्पष्टीकरण घेतले गेले. नीलमने लिहिले, "मुझसे गलती हुई." चौकशी पूर्ण होईपर्यंत तिचे नाव परीक्षेच्या यादीतून थांबवले जाणार होते, म्हणजे तिचे एक वर्ष जाणार होते. आणि करोंदच्या त्या घरात मुलीला दुसरे वर्ष मिळाले असते की नाही, हे सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्पष्टीकरणाचा कागद हातात घेऊन यंत्रापाशी आल्या. कोणालाही त्यांनी कार्यालयात बोलावले नाही. स्टुलावर बसल्या आणि नीलमला म्हणाल्या, "मुझे समझाओ बेटा, जैसे मुझे कुछ नहीं आता."

नीलम सांगू लागली. आधी हत्यार बसवायचे, मग लांबी मोजायची, मग ती भरायची. "टूल तो सर ने लगाया था, खाने से पहले..." एवढे बोलून ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर खाली घेतली. "मुझे चेक करना चाहिए था, मॅडम."

मॅडमनी मला काहीही विचारले नाही. जाताना फक्त म्हणाल्या, "मोघे, हा कागद सोमवारी सकाळी वर जाईल. तोपर्यंत माझ्या टेबलावर आहे."

ती शुक्रवारची दुपार होती. बरखेड्याला माझ्या घरी आई आहे; माझे वडील तिथल्या कारखान्यात तंत्रज्ञ होते. संध्याकाळी मी न जेवता बसलो, तेव्हा आईने विचारले, "काय मोडलंस?" मी म्हटले, "मशीन." ती म्हणाली, "मशीन मोडल्यावर तुझे बाबा दुप्पट जेवायचे. खरं सांग."

शनिवारी दहा वाजता मी मॅडमच्या खोलीत गेलो.

"मॅडम, हत्यार मी बदललं होतं. लांबी भरायची राहिली. नीलमची चूक नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तो रकाना तुमच्या किल्लीशिवाय उघडत नाही. ती तो भरूच शकत नव्हती."

"मग तुम्ही कालच का नाही बोललात?"

"मी बोलले असते तर तुम्ही फक्त पकडले गेला असता. त्यातून कोणी काही शिकलं नसतं. पुढच्या वेळी तुम्ही जास्त सांभाळून गप्प राहिला असता." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मात्र सोमवारपर्यंत आला नसतात, तर मीच लिहिलं असतं. मुलीचं वर्ष मी तुमच्या भरवशावर सोडलं नव्हतं. आणि ताकीद मिळेल हं. लेखी."

ताकीद मिळाली. बढती त्या वर्षी हुकली. त्यात अन्याय काहीच नव्हता. चौकशीच्या कागदावर मॅडमनी नोंदवले की यंत्र प्राचार्यांच्या आदेशाने नियमित चालवले जात होते, दोष कामाच्या पद्धतीत आहे, आणि यापुढे हत्यार बसवणाऱ्याने लांबी भरून होईपर्यंत सुरू करण्याच्या बटणावर लाल पट्टी अडकवावी. नीलमचे स्पष्टीकरण त्यांनी तिला परत दिले. "ये तुम्हारा नहीं है," एवढेच म्हणाल्या. मी तिची माफी मागितली, तेव्हा ती इतकी अवघडली की, "अरे सर, छोड़िए ना," म्हणून पळालीच.

दुबेजींनी यंत्राला कुलूप घालण्याचा प्रस्ताव मांडला. मॅडमनी उलट केले. दुरुस्ती बाहेर न देता देखभाल विभागाच्या आणि आमच्या मुलांकडे सोपवली. चक सरळ बसले की नाही ते नीलमने स्वतः मोजून पाहिले. परीक्षेच्या चार दिवस आधी यंत्र पुन्हा सुरू झाले आणि त्याच यंत्रावर ती प्रात्यक्षिकात उत्तीर्ण झाली. आज ती एका कारखान्यात अशी तीन यंत्रे सांभाळते. सणावाराला तिचा फोन येतो आणि पहिलाच प्रश्न असतो, "सर, लाल पट्टी लगाई?"

त्या प्रसंगातून आमच्या संस्थेत एक प्रथा रुजली. दर शनिवारी पाळी सुटण्यापूर्वी अर्धा तास सारे विभाग एकत्र बसतात आणि त्या आठवड्यात आपल्या हातून काय बिघडले ते प्रत्येक जण सांगतो. पहिला मान प्राचार्यांचा. पहिल्या शनिवारी मॅडम उभ्या राहून म्हणाल्या, "मैंने दो ट्रेड की परीक्षा एक ही कमरे में रख दी है. अभी-अभी पता चला." सभागृह हसून लोटपोट झाले आणि वेल्डर विभागातून आवाज आला, "मॅडम, एक ट्रेड को छत पे बिठा दो!" दुबेजी मात्र सात शनिवार काहीच बोलले नाहीत. आठव्या शनिवारी ते घसा खाकरून उठले: "चाबी घर भूल आया था. दो घंटे सबसे कहता रहा, ताला जाम है." त्या दिवशी त्यांना मिळाल्या तेवढ्या टाळ्या आमच्या स्नेहसंमेलनातही कोणाला मिळाल्या नाहीत.

वाचकांना वाटेल की ही केवळ गंमत आहे. ती संस्थेच्या रचनेचा भाग आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. मोठ्या संस्थेत प्राचार्यांपर्यंत माहिती चार पायऱ्या चढून येते, आणि प्रत्येक पायरीवर तिच्यातला वाईट भाग थोडा थोडा गळतो. वर पोहोचते ते "सब ठीक है" एवढेच. मॅडमनी शनिवारच्या अर्ध्या तासात त्या पायऱ्याच काढून टाकल्या.

मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून हलली तेव्हा तिच्याबरोबर भोपाळला आलेल्या कुटुंबातील या लेकीने घरी शुद्ध मराठी आणि कर्मशाळेत अस्सल भोपाळी हिंदी अशा दोन्ही घरांची भाषा राखली. त्यांच्या घरचे पोहे शेव घालून, जिलबीसह मिळतात, नागपूरकर नातेवाईक वर झणझणीत तर्री मागतात, तेव्हा त्या म्हणतात, "बदली झाली तिची." माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी माझी पाळी त्यांनी स्वतः घेतली होती. प्राचार्यांनी लेथपाशी उभे राहून शिकवलेला तो दिवस मुले अजून सांगतात. चहाच्या सुट्टीत त्यांनी त्या मुलांना विचारले होते, "मोघे सर से अच्छा पढ़ाया कि नहीं?" आणि मुलांनी, माझ्या दुर्दैवाने, एकमुखाने होकार दिला होता.

वृंदाताईंना आम्हा सर्वांच्या वतीने निरोगी आणि प्रदीर्घ आयुष्याच्या शुभेच्छा. त्यांचे गुडघे कॅनव्हासच्या बुटांना अजून पुष्कळ वर्षे साथ देवोत, आणि सेवानिवृत्तीनंतरही त्या एखाद्या शनिवारी मागच्या फाटकाने येऊन आमच्यात बसोत.

आणि या लेखाचा काही उपयोग व्हावा अशी इच्छा असेल, तर एक सोपी परीक्षा करून पाहा. तुमच्या कार्यालयात, शाळेत, दुकानात, अगदी घरीही, हाताखालच्या माणसाला सहज विचारा: "या आठवड्यात तुझ्या हातून काय बिघडलं?" आणि मनात दहा आकडे मोजा. दहाच्या आत हसत उत्तर आले, तर तुमचे छान चालले आहे. "काहीच नाही" असे उत्तर आले, तर त्याला काही बोलू नका. आधी तुमचे सांगा, आणि मग पुन्हा विचारा.