मोठ्या आईच्या चुलीचा विस्तव

नागपूरच्या इंग्रजी शाळेतून दहावी होऊन मी कारंज्याजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा बाबांनी अंगणात गोबर गॅस बसवला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. जनावरं चारच, शेण कमी पडायचं, म्हणून त्यांनी नवा संडासही त्या टाकीला जोडला. हे त्यांनी सगळे जेवायला बसलेले असताना सांगितलं.

मोठी आई, म्हणजे बाबांची वहिनी, ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या पडवीत आपली वेगळी चूल मांडली आणि पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, जाळून एकटीपुरतं रांधू लागली. तिच्या डोळ्यांना आधीच कमी दिसायचं. धूर बंद झाला नाही तर उरलेली नजरही जाईल, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गॅस बसवला होता तो तिच्या डोळ्यांसाठीच.

शेजारचे काका रोज कुंपणावरून विचारायचे, "काय भाऊ, पाहुणा आला का पयले संडासात पाठोता अन् मंग चहा मांडता काय?"

"नाई. चहा पेल्यावर पाठोतो," बाबा म्हणायचे.

मोठ्या आईला समजावण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंग्रजीत शिकले होते. उत्तर येत असतानाही मी वर्गात कधी हात वर केला नव्हता, हे घरी कोणाला ठाऊक नव्हतं. बोलायला नको म्हणून मी आकृती काढली. मोठ्या आईनं कागद नाकाजवळ धरला.

"हे काय?"

"टाकी."

"अन् हे?"

"बाण."

"कायचा बाण?"

मी बाणाच्या मागच्या टोकाशी काढलेल्या संडासावर बोट ठेवलं.

"एवढ्या दूर राहून हेच शिकली काय वं?"

त्यानंतर मी आकृत्या काढल्या नाहीत. तिच्याजवळ बसून फुंकणी फुंकायचे. एका सकाळी गल्लीतली एक बाई गोवरीच्या तुकड्यावर विस्तव मागून घेऊन गेली. मोठ्या आईकडून विस्तव न्यायची गल्लीत जुनी पद्धत होती.

"तिच्या घरी मग तू जेवशील?" मी विचारलं.

"काऊन नाई? विस्तव माहा हाये."

"मग आपला गॅस तुझ्या विस्तवावर पेटवला तर?"

तिनं पदरानं डोळे पुसले.

"काडीपेटी नाई लावाची."

"नाही लावणार."

"रोज इथूनच नेजो. मी पाह्यतो आधी, मंग ठरवतो."

पहिल्या दिवशी एक पऱ्हाटी पेटवून द्यायला तिनं अख्खी मोळी जाळली. पडवीत धुरानं आम्ही दोघी एकमेकींना दिसत नव्हतो. तिनंच संध्याकाळी एक गोवरी राखेत पुरून ठेवायला सुरुवात केली. सकाळी निखारा तयार असायचा. धूर नावालाच. पण स्वतःची भाकर ती अजून पडवीतच करत होती, आणि त्या वेळी धूर पहिल्यासारखाच व्हायचा.

मी रोज पेटती पऱ्हाटी हाताच्या आडोशानं अंगणातून स्वयंपाकघरात न्यायचे. आठव्या की नवव्या दिवशी ती गॅससमोर, चावी फिरवतानाच विझली. काडीपेटी फळीवर होती. आई पाठमोरी पोहे धूत होती. पडवीतून मोठ्या आईला माझी आकृतीसुद्धा दिसली नसती.

मी परत गेले.

"विझली?"

"हो."

"दारात?"

"नाही. गॅसजवळ."

"अन् तिथून वापस आली?"

"हो."

तिनं दुसरी पऱ्हाटी निखाऱ्यावर धरली, फुंकून पेटवली. या वेळी ती माझ्या हातात दिली नाही. स्वतः घेऊन, भिंत चाचपत, स्वयंपाकघरात आली. मी चावी फिरवली, तिनं पऱ्हाटी लावली. निळी ज्योत तिला दिसली नसावी. तिनं वर हात धरून पाहिला.

"चहा मांड," ती आईला म्हणाली आणि पाट ओढून तिथंच बसली.

चहा पिऊन झाल्यावर साखर कमी होती असं तिनं सांगितलं. दुपारी तिनं भाकरीचं पीठ आत आणलं.